सफारी माराची, वाघ रामलिंगचा

मराठी पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत केनिया आणि टांझानिया आता युरोप-सिंगापूरच्या शेजारी जाऊन बसले आहेत. आई-वडील, दोन मुले, कधी आजी-आजोबाही. छत उघडणारी गाडी, मसाई माराचे गवताळ माळ आणि नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप. खरे तर हे कळप मारात असतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात, आणि आपल्याकडची मे महिन्याची सुटी नेमकी तिकडच्या पावसाच्या दिवसांत येते. तरीही लोक जातात. ज्याला परवडते त्याने जावे. त्यात गैर काही नाही. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्दही आपल्या ‘सफरी’चाच भाऊबंद, दोघांचे मूळ अरबीत. प्रश्न वेगळाच आहे. जो प्राणी पाहण्यासाठी माणूस समुद्र ओलांडतो, त्याच्या तोलामोलाचा प्राणी जेव्हा आपण होऊन त्याच्या गावच्या शिवारात येतो, तेव्हा काय होते?

धाराशिव जिल्ह्याने या प्रश्नाचे उत्तर अनुभवले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात एका वाघाचे छायाचित्र स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपले. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली ती यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या वाघाची. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटरचे अंतर, वाटेत गोदावरी, रेल्वेमार्ग, महामार्ग आणि माणसांनी गजबजलेली शेती. एवढे सगळे ओलांडून हा तीनेक वर्षांचा नर बालाघाटाच्या डोंगरांत पोहोचला. टिपेश्वरहून निघालेला हा पहिलाच वाघ नव्हे. २०१९ मध्ये एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत, तर २०२१ मध्ये दुसरा गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पोहोचला होता. दीडशे चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या टिपेश्वरात वाघ वाढले, की तरुण नरांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते. राज्यात २०१८ मध्ये ३१२ वाघ होते, ते २०२२ च्या गणनेत ४४४ झाले. या यशाची दुसरी बाजू अशी चालत चालत मराठवाड्यात आली.

रामलिंगचे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. मसाई मारा राखीव क्षेत्र १,५१० चौरस किलोमीटरचे, म्हणजे त्याच्या जवळजवळ सत्तर पट, आणि त्याला लागून सेरेंगेटीचे चौदा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर. तेव्हा ‘रामलिंगलाच सफारी सुरू करा’ ही हौशी सूचना मुळातच फोल आहे. एका नर वाघालाही हे अभयारण्य पुरत नाही. तो वाशी, कळंब, बार्शी, भूम या तालुक्यांच्या शिवारांतून फिरणार, हे त्याच्या स्वभावातच आहे. वाघ दाखवून पैसे मिळवण्याची सोय येथे नाही. आहे ती फक्त वाघासोबत राहण्याची.

आफ्रिकेकडून घेण्याजोगे काही असेल, तर ते नेमके याच ठिकाणी. माराच्या प्रवेशद्वारावर परदेशी प्रौढ पाहुण्याकडून २०२४ पासून वर्षाच्या पहिल्या सहामाहीत दिवसाला १०० डॉलर आणि दुसऱ्या सहामाहीत २०० डॉलर घेतले जाऊ लागले. नवरा-बायको तीन दिवस फिरले तर ऐन हंगामात निव्वळ प्रवेशाचेच १,२०० डॉलर होतात. रुपयांत लाखाच्या वर. हा पैसा नारोक काउंटीच्या तिजोरीत जातो. पण सिंह काही प्रवेशद्वार पाहून थांबत नाही. तो बाहेर मसाई गुराख्यांच्या जमिनीवर जातो आणि त्यांची गुरे मारतो. म्हणून राखीव क्षेत्राच्या कडेच्या जमीनमालकांनी एकत्र येऊन आपापल्या जमिनी पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने दिल्या. २०१० मध्ये उभ्या राहिलेल्या नाबोइशो या क्षेत्रात पाचशेहून अधिक मसाई मालक आहेत. सिंह दिसो वा न दिसो, जमिनीचे भाडे मिळते आणि चराई ठरवून दिलेल्या वेळी होते. सिंह हा त्यांच्या दृष्टीने केवळ उपद्रव उरत नाही.

या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. २०२० मध्ये करोनामुळे विमाने थांबली, तेव्हा हे भाडेही आटले. शेजारच्या टांझानियात जून २०२२ मध्ये लोलिओंदो येथे दीड हजार चौरस किलोमीटर जमीन वन्यजीवांसाठी वेगळी काढताना मसाई रहिवासी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पाहुण्यांच्या छायाचित्रात हे कधीच येत नाही. तरीही वन्यप्राण्याचा भार ज्याच्या जमिनीवर पडतो, त्याला नियमित काहीतरी मिळाले पाहिजे, हे तत्त्व तेथे निदान कागदावर आणि बऱ्याच अंशी व्यवहारातही उतरले.

आपल्याकडे नुकसान झाल्यावर पैसे मिळतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास राज्य शासन २५ लाख रुपये देते. गाय-म्हैस मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. केवळ आकडे पाहिले तर ही व्यवस्था कंजूष म्हणता येणार नाही. मात्र पंचनामा, पशुवैद्यकीय दाखला आणि वनाधिकाऱ्याची खातरजमा यांतून जाताना दुभत्या म्हशीवर चालणारे घर तितके दिवस थांबू शकत नाही. शिवाय भीतीची भरपाई कोणत्याही शासन निर्णयात नाही. कृषिपंपाला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे चक्र मराठवाड्याला पाठ आहे. उसाला पाणी द्यायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन निघणाऱ्या शेतकऱ्याला वाघाचे संवर्धनमूल्य समजावून सांगणे हा निव्वळ कोरडा उपदेश ठरतो.

वनखात्याने जानेवारी २०२५ मध्ये हा वाघ पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडण्याचे ठरवले. ताडोब्याहून पथक आले, दिवसामागून दिवस शोध चालला, पण वाघ काही हाती लागला नाही आणि अखेर मोहीम आवरती घ्यावी लागली. सह्याद्रीला वाघांची गरज होती हे खरे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण तेथे नेण्यात आलीच. रामलिंगात वाघीण नाही, त्यामुळे या नराचे येथे भवितव्य नाही, हा युक्तिवादही चुकीचा नव्हे. पण एक वाघ उचलून नेल्याने टिपेश्वरहून येणारी वाट बंद होत नाही.

त्या वाटेच्या या टोकाला तेरखेडा आहे. सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव महाराष्ट्राची शिवकाशी म्हणून ओळखले जाते. कारखान्यांतील स्फोट आणि त्यांत गेलेले कामगारांचे बळी गावाला नवे नाहीत. जोखमीची किंमत येथील माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. रानडुकरे हुसकावण्यासाठी शेतकरी वापरतो ते फटाकेच, आणि वाघाची वार्ता आली की त्याच्या हाताशी तेवढेच साधन असते. त्या आवाजाने वाघ जातो तो शेजारच्या शिवारात. चौपदरी महामार्ग त्याने रात्री कोठे ओलांडायचा, याचा विचार रस्ता बांधताना व्हायला हवा असतो. विदर्भात पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग काढले गेले, पण तो नावाजलेला व्याघ्र प्रकल्प होता. बालाघाटात वाघ येईल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

टिपेश्वरात वाढणारे बछडे दोन-तीन वर्षांचे झाले की त्यांतले काही पुन्हा बाहेर पडतील. त्यांच्या मार्गावरील कोणत्या शिवारात वीज कोणत्या आठवड्यात रात्री येते, याचे वेळापत्रक महावितरणकडे असतेच. ते वनखात्याच्या टेबलावर ठेवून त्या गावांपुरते बदलून घ्यायला नवा कायदा लागत नाही.