जुनी पेटी घ्यावी का?

दोस्तांनो, गेल्या आठवड्यात घाटाखालून एक पत्र आलं. 'घाटाखालून' म्हटलं की बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना लगेच कळतं, बाकीच्यांसाठी सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे घाटाखाली. पत्र लिहिणारा आपला मित्र नववीत आहे. शाळा सुटली की संध्याकाळी देवळात भजनी मंडळाजवळ जाऊन बसतो. पेटी वाजवणाऱ्या बाबांनी त्याला सारेगम शिकवलं, दोन-तीन अभंगांच्या चालीही बसवून दिल्या. (पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. कपड्यांची नव्हे!)

आता त्याची अडचण ऐका. मंडळानं नवी पेटी आणली, स्केलचेंजरची, चकचकीत. जुनी पाच हजारांना द्यायची ठरवली आहे. साठ-सत्तर वर्षांची आहे आणि 'जर्मन सुरांची' आहे असं गावात सगळे सांगतात. भाता फाटलाय, दोन पट्ट्या बोलत नाहीत. याच्याजवळ साडेतीन हजार साठले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या शेतात कापूस वेचला, त्याचे काही आणि बक्षिसाचे काही. उरलेले आजी देणार आहे. मामेभाऊ म्हणतो, "घेऊन टाक. जुनी वाद्यं लाखांत जातात. टीव्हीवर एका गिटारची बातमी नाही का पाहिली?" आजी म्हणते, "घ्याची तं घे, पण आंधी वाजवून पाह्यजो."

मी आजीच्या बाजूचा आहे. पण मामेभावाचं म्हणणंही जरा तपासू.

गिटारचं त्यानं सांगितलं ते खोटं नाही. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडमधल्या डेव्हिड गिलमोरची काळी इलेक्ट्रिक गिटार २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. आता गंमत बघा. ती गिटार होती १९६९ सालची, फेंडर कंपनीची. गिलमोरनं ती दुकानातून घेतली तेव्हा ती साधी दुकानातली गिटारच होती. पुढे त्यानं तिची मान बदलली, आतले भाग बदलले, वेगवेगळे प्रयोग केले. म्हणजे जुन्या मालाच्या दृष्टीनं पाहिलं तर ती काही 'अस्सल जशीच्या तशी' नव्हती. मग इतके पैसे कशाचे? ती ज्या हातांनी वाजवली त्या हातांचे! आपल्या मित्राच्या पेटीवर असे हात फिरले असतीलही, पण ते गावातल्या बाबांचे. त्यांना लिलावात बोली लागत नाही. तेव्हा पुढेमागे विकून पैसे होतील, हा विचार डोक्यातून काढून टाकायचा. पेटी वाजवायला घ्यायची आहे. मग प्रश्न एकच उरतो, ती वाजेल का आणि किती वर्षं वाजेल?

त्यासाठी पेटीच्या पोटात काय असतं ते ठाऊक हवं. पेटीत तारा नसतात, सूर असतात. हो, त्या भागाचं नावच सूर. पितळेच्या छोट्या पट्टीला एक फट असते आणि त्या फटीवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला रिबीट करून बसवलेली असते. भात्यातली हवा फटीतून जाऊ लागली की जीभ थरथरते. लांब जीभ सावकाश थरथरते, तो खर्ज. आखूड जीभ भराभर थरथरते, तो वरचा सूर. ३९ पट्ट्यांच्या, सुरांच्या दोन ओळी असलेल्या पेटीत असे ७८ सूर असतात. बाकी सगळं म्हणजे लाकूड, चामडं, कापड आणि स्प्रिंगा.

हे वाद्य मूळचं आपलं नाही. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यानं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते खुर्चीवर बसून पायानं भाता मारायचं वाद्य होतं. आपण बसतो मांडी घालून! कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातानं भाता मारायची पेटी बनवली, आणि मग ती गावोगाव गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगले सूर जर्मनी आणि फ्रान्समधून येत. म्हणून 'जर्मन सूर' या शब्दांना अजून वजन आहे. नंतर गुजरातेत पालिताण्याला सूर बनू लागले आणि तिथल्या सुरांवर नावाजलेले वादक वाजवत आले. म्हणून जर्मन या नावावर भाळू नका. पितळेवर ठसा कुणीही मारू शकतो. खामगावची चांदी प्रसिद्ध आहे, पण तिथलाही जाणता माणूस चमक बघून चांदी घेत नाही, कस लावून घेतो.

मग कस कसा लावायचा?

जुनं वाद्य बघताना बहुतेक लोक नको तिथं बघतात. भाता फाटलाय, पॉलिश उडालंय, दोन पट्ट्या मुक्या आहेत, हे चटकन डोळ्यांत भरतं आणि माणूस मागे फिरतो. पण भाता नवा बसवता येतो. पॉलिश तर बाजूलाच ठेवा. मुकी पट्टी बऱ्याचदा सुराच्या फटीत कचरा अडकल्यानं मुकी होते, कधी स्प्रिंग गेलेली असते. ही कामं पेटी दुरुस्त करणारा माणूस बसल्या बैठकीत करतो. आपण बघायचं ते जे दुरुस्त होत नाही, किंवा केलं तर पेटीच नवी करावी लागते. अशा गोष्टी मुख्यतः दोन. सूर, आणि सूर ज्या लाकडी पाटीवर बसवलेले असतात ती पाटी.

आधी सूर. एकेक पट्टी दाबून सगळ्या पट्ट्या ऐका, घाई करू नका. आवाज बेसूर आहे की कर्कश आहे, हा फरक कानानं करा. बेसूर असेल तर घाबरायचं कारण नाही. समजा, दोन्ही ओळी एकाच सप्तकाच्या आहेत. एका ओळीतला सूर सेकंदाला ४४० वेळा थरथरतो आणि जोडीचा ४४३ वेळा, तर दोन्ही एकदम वाजल्यावर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात, वँव-वँव-वँव. विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला विस्पंद म्हणतात, ते हेच. कारागीर कानानं हे हेलकावे मोजतो आणि जिभेचं टोक किंचित खरवडून सूर चढवतो, मुळाशी खरवडून उतरवतो. पण याच खरवडण्यात मेख आहे. पाटी काढून दाखवायला सांगा आणि उजेडात धरा. पुष्कळ जिभा मुळाशी खरवडून खरवडून कागदासारख्या झाल्या असतील तर पेटी किती वेळा लावून घेतली आहे ते कळतं. अशी जीभ मुळाशी तडकते. तडकली की सूर आपोआप उतरतो, कितीही लावा, आठ दिवसांत पुन्हा उतरतो. एखादा सूर असा निघाला तर बदलता येतो, मात्र नव्या सुराचा आवाज शेजाऱ्यांशी जुळायला वेळ लागतो. दहा-पंधरा निघाले तर नमस्कार करून घरी या.

मग पाटी. एक पट्टी दाबल्यावर शेजारचा सूरही बारीक आवाजात बोलतो का? काहीच न दाबता नुसता भाता मारला तर पेटी आपणच कण्हते का? कधी पट्टीखालच्या चामड्याची गादी नीट बसत नसते, ते सोपं. पण गाद्या ठीक असूनही कण्हत असेल तर पाटीला चीर आहे.

या चिरेनंच मला एकदा फसवलं. कुठे आणि कुणाकडे ते सांगत नाही. ऐन श्रावणात पेटी घेतली होती. काळं पॉलिश, लाल मखमल, पितळी कड्या, बघत राहावं अशी. पावसाळभर सुरेख वाजली. चैत्र सरला, वैशाख लागला आणि पेटीला धाप लागली. एका सुराला चार वेळा भाता! उघडून पाहिली तर पाटीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर, मेण भरून बुजवलेली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा चीर मिटलेली असते. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि खरं काय ते बाहेर येतं. तेव्हापासून मी कुणालाही सांगतो, जुनी पेटी बघायची तर मे महिन्यात बघा. त्यातही घाटाखाली. पारा ४४-४५ अंशांवर जातो तिथं. त्या उन्हात जी पेटी वाजते ती वाजतेच!

आणि इथंच आपल्या मित्राच्या पेटीची जमेची बाजू आहे. घाटाखालचे साठ-सत्तर उन्हाळे तिनं काढले असतील, तर तिच्या लाकडाला जे काय वाकायचं-फाटायचं ते वाकून-फाटून झालं असेल. अजून पाटी धड असेल तर ती सहसा धडच राहील. जुन्या पेटीचा खरा फायदा हा. दुसरं असं की ती रोज वाजत होती. काकडा, हरिपाठ, सप्ताह. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या पेटीचं चामडं कडक होतं, त्यात उंदीर आणि कसर शिरतात. देवळातल्या पेटीच्या पट्ट्या झिजलेल्या दिसतील, पण आतून ती बहुधा निरोगी असते.

स्केलचेंजर नाही म्हणून तो हिरमुसलाय. त्याचं मला काही वाटत नाही. दोस्ता, तू नववीत आहेस, तुझा आवाज फुटायचाय किंवा फुटतोय. या वयात मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. आज काळी पाचमध्ये गातोस, दोन वर्षांनी कुठं गाशील कोण जाणे! साध्या पेटीवर पांढरी एक, काळी दोन, काळी चार असा कुठलाही षड्ज धरून बोटं फिरवायला शिकलास तर पुढे कुठल्याही गवयाच्या साथीला बसशील. तुमच्याच शेजारच्या जालना भागातले पंडित अप्पा जळगावकर (१९२२–२००९) मोठमोठ्या गायकांच्या साथीला बसले. आणि हे सगळं कुठल्या वाद्यावर? १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं ज्याला दारातच थांबवलं होतं, त्या वाद्यावर!

तर आता हिशोब. पाच हजार ही पेटीची किंमत नाही, तिच्यात भाता आणि दुरुस्ती मिळव. दुरुस्ती करणाऱ्याला आधी विचार, मग मंडळाकडे जा. दुरुस्तीसह बेरीज नव्या साध्या पेटीच्या जवळ जात असेल तर तसं मंडळाला स्पष्ट सांग. घासाघीस करायला लाजू नकोस, पण ज्यांनी शिकवलं त्या बाबांना मध्ये घे. त्या पेटीच्या खोड्या त्यांच्याइतक्या कुणालाच माहीत नसतील. आणि पैसे द्यायच्या आधी एकच विनंती कर, पेटी आठ दिवस घरी ठेवू द्या. ओळखीचं गाव आहे, नाही म्हणणार नाहीत. रोज तासभर वाजव. कोणता सूर उतरतो त्याची वहीत नोंद कर. आजीला जवळ बसव.

आठ दिवसांनी वहीतलं ते पान मला पाठव. त्यात दोन-तीनच सूर असतील तर घे म्हणून सांगेन.