शाळेची आर्थिक तब्येत तपासा

पेण, रोह्याच्या डोंगरवाड्यांतील जिल्हा परिषद शाळांचा पट तोकडा. समग्र शिक्षा योजनेत वार्षिक शाळा अनुदान पटावर ठरते: ३० विद्यार्थ्यांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार रुपये. कोकणच्या पावसात गळणारे छप्पर मात्र पट पाहत नाही. खडू, वीजबिल, स्वच्छतागृह, डागडुजी सारे या अनुदानातच भागवायचे. लेखापरीक्षण पैसा नियमाने खर्चला का, हे पाहते. तो पुरला का, हे नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने अनुदानाच्या विनियोगावरील देखरेख पालकांचे बहुमत असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवली आहे. राज्याने आता शाळेच्या आर्थिक तब्येतीचे निकष ठरवावेत: अनुदान कधी आले, बिल किती थकले, दुरुस्ती किती रखडली. हा तपशील दरवर्षी शाळेच्या दर्शनी फलकावर लावावा आणि पालकांनी तो ग्रामसभेत मागावा.