रक्ताचे दोन थेंब कागदावरही घ्या

मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
मा. जिल्हा हिवताप अधिकारी, नाशिक यांस,



देशातला स्थानिक लागणीचा हिवताप २०२७ पर्यंत शून्यावर आणायचे केंद्राचे उद्दिष्ट आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानेही त्याच वर्षी, ऐन पावसाळ्यात. त्याआधीच्या कामांवर ठिकठिकाणचे मजूर आहेत. अशा वेळी शहरात हिवतापाचा रुग्ण सापडला, की पहिला प्रश्न हाच: लागण इथल्या डासाने केली, की दुखणे गावाहून सोबत आले?

आज हे रुग्णाच्या सांगण्यावर ठरते. चौकशीत रोज बुडेल या धास्तीने मजूर ‘कुठेच गेलो नाही’ म्हणतो. त्यात व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापाचा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने दबून राहतो. मागच्या पावसाळ्यात गावी झालेली लागण यंदा नाशकात ताप आणते. मग एखाद्या वस्तीत विनाकारण धूरफवारणी होते, तर इथल्याच डासाने पसरवलेला ताप ‘बाहेरचा’ म्हणून नोंदला जातो आणि डास तसेच राहतात. ही दुसरी चूक मला जास्त घातक वाटते.

खरी माहिती परजीवीच्या जनुकांत असते. दोन रुग्णांतले परजीवी जवळचे नातलग निघाले, तर लागण एकाच साखळीतली असण्याची शक्यता मोठी. गडचिरोलीच्या नमुन्यांशी नाते जुळले, तर उगम तिकडे शोधायचा. श्रीलंका २०१६ मध्ये हिवतापमुक्त जाहीर झाली. २०१८ मध्ये तिथल्या एका रहिवाशाला व्हायवॅक्सची लागण झाली, तेव्हा ती परदेशी कामगाराकडून आल्याचा दुवा जुळवायला जनुकीय तुलनाच कामी आली.

त्यासाठी आरोग्यसेवकाला करायचे काम थोडे आहे. निदान झाले की, पहिली गोळी देण्याआधी, रुग्णाच्या संमतीने बोटातले दोन थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचे, सुकवायचे आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पाकिटात ठेवायचे. बर्फ लागत नाही. तपासणीसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेशी बोलणी करा, आणि गडचिरोली, मुंबईचे नमुने तुलनेला मागवा. एकट्या नाशिकच्या नमुन्यांवरून उगम कळणार नाही.

पाकिटावर नाव नको, फक्त क्रमांक. ताप कुठून आला हे कळल्यावर तो मजूर कामावरून जाता कामा नये. त्याला पूर्ण औषध मिळावे, व्हायवॅक्स असेल तर प्रायमाक्विनचे चौदा दिवसही.

येत्या पावसाळ्याआधी शहरातल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात फिल्टर पेपर पोहोचवा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नाशिककर