महाकाव्य आणि चिवचिवाट

पर्यावरणवादी समीक्षेचे वारे आपल्या मराठी विभागांत शिरल्यापासून एक सोपे समीकरण रूढ होऊ पाहते आहे : देवमाशाचे गाणे म्हणजे महाकाव्य, पक्ष्याचे म्हणजे चिवचिवाट. चर्चासत्रांतून हे इतक्या सहजपणे म्हटले जाते की त्यामागचा निकष विचारणेही अरसिकपणाचे ठरावे. निकष अर्थातच आकाराचा आहे. ३० टनांचा प्राणी गंभीर, २५ ग्रॅमचा गोड!

या समजुतीला इतिहास आहे. हंपबॅक देवमाशाच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली. पुढच्याच वर्षी रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी ‘सायन्स’मध्ये त्या गाण्याची बांधणी उलगडून दाखवली. कत्तल थांबवण्याच्या चळवळीला या गाण्याने बळ दिले, हे मान्यच. पण करुणा हा समीक्षेचा निकष नव्हे.

परंपरेच्या अंगाने पाहिले तर चित्र बदलते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील हंपबॅक नरांनी आपले गाणे टाकून पश्चिम किनाऱ्यावरचे गाणे अवघ्या दोनेक वर्षांत उचलले, हे २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. मग कॅनडातल्या व्हाइट-थ्रोटेड स्पॅरोचे काय? याच्या गाण्याचा शेवट तीन-तीन स्वरांच्या गटांनी होत असे. पश्चिमेकडे तो दोन-दोनांचा झाला आणि ही लकब सुमारे २० वर्षांत ३००० किलोमीटरहून अधिक पूर्वेकडे सरकली. केन ऑटर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली हा प्रवास मांडला. निरनिराळ्या प्रदेशांतले पक्षी हिवाळ्यात एकत्र येतात, तिथेच कोवळे नर परके गाणे शिकत असावेत, असा त्यांचा तर्क आहे. पाठभेदांचा अभ्यास शिकवणाऱ्यांना याहून सुरेख उदाहरण कुठे मिळणार?

भेद आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी. हंपबॅक नर प्रौढपणीही आपली संहिता बदलत राहतो आणि एका समूहातले सारे नर एका हंगामात जवळपास एकच गाणे गातात. स्पॅरोसारखे पक्षी बहुधा कोवळ्या वयात शिकतात, पुढे त्यालाच चिकटून राहतात. बदल येतो तो नव्या पिढीबरोबर. म्हणजे आपला ‘महाकवी’च प्रचलित चालीमागे धावणारा निघाला!

आणि आपल्या कवितेतली कोकिळा? कुहू-कुहू नराचे असते. शिवाय ते उपजत, कुणाकडून शिकलेले नव्हे. एम.ए.च्या वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हिरमुसतात. देवमाशाविषयी मात्र काहीही सांगा, वह्या उघडतात.