पबमधील जुगारयंत्रे : मालकी एकाची, पहारा दुसऱ्याचा

ब्रिटनमधील पबच्या एका कोपऱ्यात लुकलुकणारे ‘फ्रूट मशीन’ हे तेथील सामाजिक जीवनाचे जुने अंग आहे. मात्र हे यंत्र बहुधा पबच्या मालकीचे नसते. एखादा छोटा व्यावसायिक यंत्रे विकत घेतो, ती आसपासच्या पबमध्ये बसवतो, त्यांची दुरुस्ती करतो, ठरावीक दिवशी गल्ला उघडून नाणी मोजतो आणि भाडे किंवा उत्पन्नातील वाटा घेऊन पुढच्या पबकडे निघतो. थोडे भांडवल, एक वाहन आणि यंत्रदुरुस्तीचे ज्ञान एवढ्या बळावर सुरू करता येण्याजोगा हा धंदा वरवर सोपा दिसतो. पबची घटती संख्या, नाण्यांचा कमी होत चाललेला वापर आणि जुगाराविषयी कठोर होत असलेली सार्वजनिक भूमिका यांमुळे त्याचा पाया आता अरुंद होत आहे.

या धंद्याची चौकट २००५ च्या जुगार कायद्याने आखून दिली आहे. हा कायदा इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागू आहे. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या पबला स्थानिक परवाना प्राधिकरणाला कळवून आणि ५० पौंड शुल्क भरून दोन यंत्रे ठेवता येतात. त्याहून अधिक यंत्रांसाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. पबमध्ये सहसा दिसणारी यंत्रे ‘क’ वर्गातील असतात. त्यांवर एका डावाला कमाल १ पौंड लावता येतो आणि कमाल बक्षीस १०० पौंडांचे असते. अठरा वर्षांखालील व्यक्तीला त्यांवर खेळण्यास मनाई आहे.

यंत्रे पुरवणाऱ्यावरील बंधने याहून कडक आहेत. यंत्र भाड्याने देणे, बसवणे किंवा दुरुस्त करणे या प्रत्येक कामासाठी गॅम्बलिंग कमिशन या नियामक संस्थेचा परवाना लागतो. जुने यंत्र स्वस्तात विकत घेऊन ओळखीच्या पबमध्ये ठेवून द्यावे, असे परवान्याविना केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरतो. महत्त्वाच्या पदांवर तीनपेक्षा अधिक व्यक्ती नसलेल्या छोट्या संस्थांना व्यवस्थापकांच्या वैयक्तिक परवान्यांतून सूट मिळते. व्यवसायाच्या परवान्यातून मात्र कोणाचीही सुटका नाही.

नव्या व्यावसायिकाला बाजाराचे दार थोडे उघडून दिले ते २०१६ च्या ‘पब्स कोड’ने. इंग्लंड आणि वेल्समधील अनेक पब मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे असून भाडेकरू ते चालवतात. पूर्वी बिअरप्रमाणेच यंत्रेही कंपनी सांगेल त्याच पुरवठादाराकडून घेण्याचे बंधन अनेक करारांत असे. या नियमावलीने मोठ्या कंपन्यांच्या नव्या करारांतून यंत्रांबाबतची ही सक्ती काढून टाकली. भाडेकरूला पुरवठादार निवडण्याची मोकळीक मिळाली आणि स्थानिक व्यावसायिकाला त्याच्याशी थेट बोलणी करणे शक्य झाले.

दार उघडले तरी हिशेब तंगच राहिला. १ फेब्रुवारी २०१३ पासून ब्रिटनमध्ये ‘मशीन गेम्स ड्युटी’ लागू आहे. त्यापूर्वी यंत्रामागे परवाना शुल्क आणि उत्पन्नावर मूल्यवर्धित कर अशी रचना होती. आता खेळाडूंनी लावलेल्या रकमेतून बक्षिसे वजा करून उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर कर बसतो. ‘क’ वर्गातील यंत्रांसाठी त्याचा दर २० टक्के आहे. तो भरण्याची जबाबदारी पबच्या परवानाधारकाची असते. यंत्राच्या भाड्यावर पुरवठादाराला मूल्यवर्धित कर आकारावा लागतो आणि पबला त्याची वजावट अनेकदा मिळत नाही.

उदाहरणादाखल, एका यंत्राचे आठवड्याचे निव्वळ उत्पन्न १५० पौंड धरले, तर त्यातून ३० पौंड कर जातो. ४५ पौंड भाडे आणि त्यावरील ९ पौंड मूल्यवर्धित कर दिल्यानंतर पबचालकाकडे ६६ पौंड उरतात. पुरवठादाराच्या हाती वर्षाकाठी एका यंत्रामागे २,३४० पौंड येतात. यंत्राची किंमत, सुटे भाग, इंधन, विमा, परवाना शुल्क आणि नव्या खेळांसाठी यंत्र बदलण्याचा खर्च याच रकमेतून भागवायचा असतो. चार-पाच यंत्रांवर हा संसार चालत नाही. फिरती परवडावी यासाठी एकाच परिसरात अनेक पब हाती असावे लागतात आणि असे पबच आता कमी होत आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते. आज ही संख्या ४५ हजारांच्या आसपास आहे. एप्रिल २०२५ पासून मालकांनी भरावयाच्या राष्ट्रीय विमा योगदानाचा दर १५ टक्के झाल्याने उरलेल्या पबवरील भारही वाढला आहे.

दुसरी अडचण नाण्यांची आहे. ग्राहक बिअरचे पैसे कार्डाने देतात, पण बँकेचे कार्ड थेट जुगारयंत्रावर वापरण्यास नियमांनी मनाई केली. खेळाडूने खर्चाआधी क्षणभर थांबावे, हा त्यामागील विचार होता. खिशातील सुटे पैसे संपले की खेळ आपोआप थांबत असे. एप्रिल २०२३ मधील सरकारी श्वेतपत्रिकेने खेळाडूंच्या संरक्षणाच्या अटींसह रोकडविरहित देयकांना वाट देण्याचा मार्ग सुचवला. व्यावसायिकांच्या दृष्टीने हा जगण्याचा प्रश्न आहे. व्यसनमुक्तीसाठी काम करणाऱ्यांना मात्र यात खेळाडूचा शेवटचा अडसर दूर होताना दिसतो.

ही भीती निराधार नाही. १ पौंडाचा डाव लहान वाटतो, परंतु या वर्गातील यंत्रावर एक डाव अवघ्या अडीच सेकंदांत संपू शकतो. या गतीने मिनिटाला २४ पौंड लावले जातात. यंत्र सरासरी ८० टक्के रक्कम परत करते असे धरले, तरी मिनिटाला जवळपास ५ पौंड खिशातून जातात. सट्टा दुकानांतील यंत्रांवरील कमाल बोली एप्रिल २०१९ मध्ये १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणताना सरकारने हाच धोका मान्य केला होता. ऑनलाइन स्लॉट खेळांवरही २०२५ मध्ये प्रौढांसाठी ५ पौंड आणि १८ ते २४ वयोगटासाठी २ पौंड अशी मर्यादा आली. पबमधील यंत्र या मर्यादांच्या आतच आहे. पबमधील खेळाडूच्या हातात मात्र मद्याचा पेला असतो, हा फरक विसरता येत नाही.

या व्यवस्थेतील खरा कच्चा दुवा देखरेखीचा आहे. सट्टा दुकानात किंवा कॅसिनोत जुगार हेच मुख्य काम असते आणि तेथील कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण दिलेले असते. पबमधील कर्मचाऱ्याचे लक्ष ग्राहकांच्या गर्दीवर असते. यंत्र कर्मचाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात असावे, ही आयोगाची अट आहे. तरीही २०१८ मध्ये इंग्लंडमधील पबमध्ये झालेल्या चाचण्यांत जवळपास ९० टक्के पबनी अल्पवयीनांना यंत्रावर खेळण्यापासून रोखले नाही. मद्य मागणाऱ्या मुलाकडे वयाचा पुरावा मागण्याची सवय असलेले कर्मचारीही यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या मुलाकडे दुर्लक्ष करतात, असा याचा अर्थ आहे.

यंत्र एकाचे, छप्पर दुसऱ्याचे आणि पहारा तिसऱ्याच्या माथी, अशी ही विभागणी आहे. नियमभंग झाल्यास स्थानिक प्राधिकरण पबचा यंत्रे ठेवण्याचा हक्क काढून घेऊ शकते. तसे झाले की पुरवठादाराची जागाही जाते. त्यामुळे कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, यंत्राची योग्य जागा आणि वयाच्या तपासणीची नोंद यांकडे पुरवठादाराने दुसऱ्याचे काम म्हणून पाहणे त्याच्याच हिताचे नाही.

मर्यादा किती सैल असाव्यात, याचे दुसरे टोक ऑस्ट्रेलियात दिसते. न्यू साउथ वेल्स राज्यात एका पबला तीसपर्यंत यंत्रे ठेवता येतात आणि एका डावाला १० डॉलरपर्यंत रक्कम लावता येते. तेथे यंत्रांचे उत्पन्न अनेक पबचा कणा बनले आणि सुधारणांना होणारा विरोधही तेवढाच बलाढ्य झाला. ब्रिटनमध्ये यंत्र अद्याप पबचे जोडउत्पन्न आहे, म्हणूनच नियमनाला वाव उरला आहे.

भारतात जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. गोव्याने १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना मुभा दिली. महाराष्ट्राने कधीही अमलात न आलेला १९७६ चा कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. तरीही व्हिडिओ गेम पार्लरच्या आडून चालणाऱ्या यंत्रजुगारावर छापे पडल्याच्या बातम्या मराठी वाचकांना नव्या नाहीत. बंदी असो वा परवाना, यंत्रासमोर कोण बसले आहे याकडे लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर कागदावरील मर्यादा कागदावरच राहते.

ब्रिटनमधील छोट्या व्यावसायिकापुढील प्रश्नही यापेक्षा वेगळा नाही. कार्डाने पैसे स्वीकारण्याची सवलत त्याच्या यंत्राचे आयुष्य वाढवू शकेल. परंतु ती मागण्याआधी, पहाऱ्याची सध्याची जबाबदारी नीट पार पडते आहे हे त्याला आणि पबचालकाला एकत्रितपणे दाखवून द्यावे लागेल.