यरुशलेमची शिडी

“यरुशलेमेस जाऊन आपण काय पाहिलें?” असें आमचे विद्यार्थी व त्यांचे आईबाप आम्हांस वारंवार विचारतात. प्रभूची कबर पाहिली, एवढें सांगितलें म्हणजे त्यांचें समाधान होतें. परंतु आमच्या मनांतून जी वस्तु अद्यापि जात नाहीं, ती तेथील एक साधी लांकडी शिडी आहे.

पवित्र कबरेच्या मंदिराचें प्रथम अर्पण इ. स. ३३५ मध्यें झालें. आज तेथें ग्रीक, रोमन कॅथॉलिक, अर्मेनी, कॉप्ट, सुरियानी व इथिओपी अशा सहा मंडळ्या उपासना करितात. हक्कांविषयीं त्यांचे तंटे इतके विकोपास गेले कीं, १८५२ सालीं तुर्की सुलतानानें ‘आहे तें तसेंच राहावें’ अशा आशयाचें फर्मान काढिलें. दर्शनी दरवाज्यावरील खिडकीखालीं एक शिडी टेंकलेली आहे. १७२८ सालच्या चित्रांतहि तेथें शिडी दिसते. सर्वांच्या संमतीवांचून ती काढितां येत नाहीं, म्हणून ती तेथेंच आहे. मंदिराची किल्ली एका मुसलमान घराण्यानें सांभाळावी व दुसऱ्यानें दार उघडावें, असा प्रघात शेंकडों वर्षें चालत आला आहे.

हें ऐकून आम्ही प्रथम हंसलों. परंतु त्या रात्रीं उताऱ्यावर झोंप येईना. वडिलार्जित घराच्या एका भिंतीवरून आमचें व आमच्या वडील बंधूंचें बोलणें अकरा वर्षें बंद होतें. आमच्याहि घरीं एक शिडी होतीच. तिचें चित्र मात्र कोणीं काढिलें नव्हतें.

याच मंदिरांत दुसरीहि एक गोष्ट घडली आहे. कबरेवरील लहानसें देवालय खिळखिळें झाल्यामुळें १९४७ सालीं तें लोखंडी तुळयांनीं आवळून धरावें लागलें, व सुमारें सत्तर वर्षें तें तसेंच उभें होतें. अखेर ग्रीक, कॅथॉलिक व अर्मेनी एकमतास आले, २०१६ सालीं दुरुस्ति सुरू झाली, आणि मार्च २०१७ मध्यें ती पुरी होऊन त्या तुळया निघाल्या. तेव्हां जुना हट्टहि सुटूं शकतो.

आमचें मत असें आहे कीं, यात्रेकरू घरीं परतल्यावर कसा वागतो, यावरूनच त्याच्या यात्रेची किंमत करावी. अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविली. पाळली मात्र नव्हती. परत येतांच बंधूंस पत्र घातलें. उत्तर यावयास तीन आठवडे लागले. भिंतीचा वाद अजून मिटलेला नाहीं. परंतु गेल्या नाताळास आम्ही त्यांच्या पंक्तीस जेवलों.

मुलांनो, तुमच्यापैकीं थोड्यांनाच यरुशलेम पाहावयास मिळेल. त्याची खंत करूं नका. या सुटींत घरीं जाल तेव्हां आपल्या घरची शिडी कोठें टेंकलेली आहे, तेवढें पाहा. आणि पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, मुलानें ती दाखविली तर त्याजवर रागावूं नये.