सूर्यास्त पाच वाजता

अंदमानच्या सहलीचा आराखडा आखताना आपण विमानभाडे, हॉटेल व स्थळांची संख्या एवढाच हिशेब मांडतो. गतवर्षी मीही तेच केले. डिसेंबरात श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. मुंबईपेक्षा सुमारे एक तास आधी. घड्याळ मात्र तेच! स्वराजद्वीपाहून परतताना दुपारी उशिराची बोट घेतली आणि ज्येष्ठ भगिनींच्या चौविहाराची वेळ भर समुद्रात टळली. सोबतचा डबा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. तक्रारही केली नाही, हे अधिक बोचले. आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासणाऱ्याला एवढे सुचू नये!

परतीची बोट सकाळचीच घ्यावी, चारपर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि भोजनाची वेळ हॉटेलला आगाऊ कळवावी. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून बोट व विमान एकाच दिवशी ठेवू नयेत, मध्ये एक रात्र मोकळी राखावी. मे ते नोव्हेंबर हा पावसाचा काळ. चातुर्मासात आपली बहुतेक घरे प्रवास टाळतातच. सहा दिवसांत दोन बेटे पुरेत.

येत्या फेब्रुवारीत भगिनींना पुन्हा नेत आहे. तिकिटांआधी तेथील सूर्यास्ताची वेळ वहीत लिहून घेतली आहे.